रिकाम्या थेंबांचे गणित: जनुकीय रेणूंना शिक्का मारण्याचे आणि मोजण्याचे तंत्र

मानवी शरीरातील एका पेशीत सुमारे ६ पिकोग्रॅम डीएनए असतो. आरएनएचे, म्हणजे सक्रिय जनुकांवरून पेशी जे रेणू तयार करते त्यांचे, प्रमाण पेशीच्या प्रकारानुसार बदलते, पण तेही साधारणपणे दहा-वीस पिकोग्रॅमच्या आसपास राहते. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या अल्प द्रव्यातून काही वाचायचे, तर आधी त्याच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात, आणि पॉलिमरेज साखळी अभिक्रिया, म्हणजे आता सर्वांच्या परिचयाची झालेली पीसीआर, हे काम १९८०च्या दशकापासून उत्तम रीतीने करीत आली आहे. त्यामुळे अल्प प्रमाण ही आज मुख्य अडचण राहिलेली नाही. मुख्य अडचण आहे ती सरमिसळीची. ऊतीचा एक तुकडा घेतला, त्यातील लाखो पेशी फोडल्या आणि सगळा आरएनए एकत्र केला, की हाती येते ती सरासरी. एखादे जनुक एकंदरीत किती सक्रिय आहे हे तीतून कळते, परंतु ते सगळ्याच पेशींत थोडे थोडे सक्रिय आहे की हजारांतल्या एखाद्याच पेशीत जोराने सक्रिय आहे, हे त्या मिश्रणावरून कोणत्याही यंत्राला सांगता येत नाही.

हजारो विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांची पाने सुटी करून एकाच गठ्ठ्यात टाकली आणि एकाही पानावर आसनक्रमांक नसला, तर जी गत होईल तीच येथे होते. प्रश्न एकूण किती जणांना जमला याचा अंदाज बांधता येतो. कोणाला जमला हे मात्र कायमचे हरवते. यावर उपाय दोनच आहेत: प्रत्येकाची पाने तपासणी होईपर्यंत वेगळ्या लिफाफ्यात ठेवायची, किंवा पाने मिसळण्यापूर्वी प्रत्येक पानावर आसनक्रमांकाचा शिक्का मारायचा. पहिल्या उपायातून थेंबांमधील डिजिटल पीसीआर आकाराला आली आणि दुसऱ्यातून एकेका पेशीतील आरएनएचे स्वतंत्र वाचन. दोन्हींमध्ये लिफाफ्याचे काम करतो तो तेलात तरंगणारा, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा पाण्याचा थेंब. आणि दोन्हींमध्ये, प्रथमदर्शनी विचित्र वाटेल असा एक नियम पाळला जातो, तो म्हणजे पुष्कळसे थेंब जाणूनबुजून रिकामे राहू द्यायचे. या रिकामेपणाचा हिशेब ज्याला समजला, त्याला हे तंत्र बहुतांशी समजले, असे माझे मत आहे.

थेंब तयार कसे होतात ते आधी पाहू. सिलिकोनच्या वर्गातील पीडीएमएस नावाच्या पारदर्शक, रबरासारख्या पदार्थाच्या लहानशा चिपमध्ये केसाच्या जाडीच्या वाहिन्या कोरलेल्या असतात. मधल्या वाहिनीतून पाणी, म्हणजे ज्यात तपासायचे रेणू किंवा पेशी आहेत ते द्रावण, पुढे सरकते. दोन्ही बाजूंच्या वाहिन्यांतून तेल येते आणि चौकात हे तिन्ही प्रवाह भेटतात. एवढ्या अरुंद जागेत द्रव खळाळत नाही, भोवरे होत नाहीत. प्रवाह संथ, एकसुरी आणि पूर्णपणे अंदाज करता येण्याजोगा राहतो. चौकातून पुढच्या अरुंद वाटेत शिरताना पाण्याचे एक बोट पुढे येते, दोन्ही बाजूंचे तेल त्याला चिमटीत धरते, मागे एक बारीक मान तयार होते, ती मान ताणली जाते आणि पृष्ठताणामुळे तुटते. पुढचा भाग गोल होऊन निघून जातो, मागचा भाग पुन्हा बोटासारखा पुढे येतो. सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा हेच घडते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तेथे फक्त एक थरथरणारे टोक दिसते. प्रत्येक थेंब तुटताना पाहायचा असेल, तर अतिवेगवान कॅमेरा लागतो.

या पद्धतीचे खरे मोल थेंबांच्या एकसारखेपणात आहे. तेल आणि पाणी नुसते घुसळले तरी थेंब तयार होतातच. केंब्रिजमध्ये डॅन तौफिक आणि अँड्र्यू ग्रिफिथ्स यांनी १९९८ मध्ये घुसळून केलेल्या थेंबांत जनुके आणि त्यांपासून बनणारी प्रथिने एकत्र कोंडून दाखवली, आणि थेंब हे कृत्रिम पेशीसारखे काम करू शकतात ही कल्पना तेथून रुजली. परंतु घुसळलेल्या थेंबांत काही मोठे, काही बारीक असतात, आणि थेंबाचे घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होते. लिफाफे असे लहानमोठे असतील तर त्यांची नुसती संख्या मोजून काही सिद्ध होत नाही. २००१ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील स्टीफन क्वेक यांच्या गटाने चिपवरील दोन वाहिन्यांच्या तिठ्यावर एकसारखे थेंब तोडून दाखवले, आणि त्यानंतर काही वर्षांतच वर वर्णन केलेली चौकाची रचना रूढ झाली. १०० मायक्रोमीटर व्यासाच्या थेंबात सुमारे अर्धा नॅनोलीटर पाणी मावते; म्हणजे एक मिलीलीटर द्रावणातून असे जवळजवळ १९ लाख थेंब निघतात.

तेलाची निवडही साधी नाही. येथे सहसा फ्लोरिनयुक्त तेल वापरतात, कारण त्यात डीएनए, प्रथिने यांसारखे जैविक रेणू विरघळत नाहीत, तर ऑक्सिजनसारखे वायू मात्र सहज ये-जा करतात. थेंब एकमेकांना भिडून एक होऊ नयेत म्हणून तेलात साबणासारख्या दुतोंडी रेणूंची भर घालतात. त्यांचे एक टोक तेलात आणि दुसरे पाण्यात राहते व थेंबाभोवती त्यांचे एक कवच तयार होते. हे कवच ९५ अंश सेल्सियस तापमानालाही टिकले पाहिजे, कारण पीसीआरच्या प्रत्येक फेरीत थेंबांना तेवढे तापवावे लागते. या क्षेत्रातील पुष्कळशी वर्षे जीवशास्त्रापेक्षा योग्य साबण शोधण्यात गेली, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आता पहिला उपाय, म्हणजे वेगळ्या लिफाफ्यांत ठेवून मोजण्याचा. नेहमीच्या पीसीआरमध्ये नळीतील डीएनएच्या प्रती फेरीगणिक जवळजवळ दुप्पट होत जातात आणि प्रतींबरोबर वाढणारी चकाकी ठरावीक पातळीला कितव्या फेरीत पोहोचली यावरून मूळ संख्येचा अंदाज बांधतात. हा अंदाज अप्रत्यक्ष असतो. त्यासाठी ज्यांचे प्रमाण आधीच ठाऊक आहे अशा नमुन्यांशी तुलना करावी लागते, आणि नमुन्यातील अशुद्धीमुळे दुप्पट होण्याचा वेग मंदावला, तर उत्तर चुकते. डिजिटल पीसीआर वेगळा प्रश्न विचारते. नमुना इतक्या बारीक हिश्शांत वाटायचा, की बऱ्याच हिश्शांत एकही लक्ष्य-रेणू येणार नाही आणि उरलेल्यांत एखाद-दुसराच येईल. मग प्रत्येक हिश्शात पीसीआर शेवटपर्यंत चालू द्यायची आणि विचारायचे एवढेच, की हा हिस्सा उजळला की नाही. पीसीआर थोडी मंद चालली तरी उजळायचा तो हिस्सा अखेर उजळतोच, म्हणून उत्तर फारसे बदलत नाही.

ही कल्पना थेंबांहून जुनी आहे. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी नमुना अतिशय विरळ करून अशी मोजणी केली होती, आणि १९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील बर्ट व्होगेलस्टीन आणि केनेथ किन्झलर यांनी ३८४ खळग्यांच्या तबकडीत ती करून तिला डिजिटल पीसीआर हे नाव रूढ केले. मात्र ३८४ खळगे म्हणजे ३८४ लिफाफेच. थेंबांनी हा आकडा एका उडीत वर नेला: २०११ मध्ये आलेल्या पहिल्या व्यावसायिक थेंब-यंत्रात २० मायक्रोलीटर नमुन्याचे सुमारे २०,००० थेंब होत.

थेंब उजळतो तो एका चलाख रेणूमुळे. लक्ष्य-डीएनएवर नेमका बसेल असा एक छोटा डीएनए-तुकडा आधीच द्रावणात टाकलेला असतो; त्याच्या एका टोकाला चकाकणारा रंग असतो आणि दुसऱ्या टोकाला ती चकाकी गिळून टाकणारा रेणू. दोघे जवळ आहेत तोवर अंधार असतो. पॉलिमरेज हे एन्झाइम प्रत तयार करीत पुढे येते, वाटेत बसलेल्या या तुकड्याला कुरतडते, रंग सुटा होतो आणि चकाकू लागतो. सुमारे ४० फेऱ्यांनंतर थेंब एकेरी रांगेत प्रकाशझोतासमोरून नेतात आणि प्रत्येकाची चकाकी नोंदवतात. आलेखावर ठिपक्यांचे दोन पट्टे दिसतात, खाली अंधारे थेंब, वर उजळलेले. दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये काही ठिपके विखुरलेले असतात. प्रयोगशाळांत त्यांना पाऊस म्हणतात, आणि हा पाऊस कोणत्या बाजूला मोजायचा, यावर वाद घालण्यात जाणकारांचा बराच वेळ जातो.

समजा, २०,००० थेंबांपैकी ४,००० उजळले. म्हणजे नमुन्यात ४,००० रेणू होते, असे म्हणता येईल का? नाही; कारण थेंबांत रेणू वाटले जातात ते योगायोगाने, आणि काही थेंबांत दोन किंवा तीन रेणू पडलेले असणारच, पण थेंब मात्र एकदाच उजळतो. येथे रिकामे थेंब मदतीला येतात. यदृच्छेने वाटणी झाली की थेंब रिकामा राहण्याची शक्यता आणि दर थेंबामागे रेणूंची सरासरी यांचे नाते प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने बांधलेले असते. १६,००० थेंब, म्हणजे ८० टक्के, रिकामे राहिले असतील, तर सरासरी ०.२२३ निघते आणि एकूण रेणू सुमारे ४,४६० येतात. उजळलेल्या थेंबांत किती जण दाटीवाटीने बसले आहेत हे कोणालाही दिसत नाही, तरीही न उजळलेल्यांची संख्या ते सांगून जाते. सगळेच थेंब उजळले तर मात्र हिशेब बुडाला, कारण मग रेणू पाच लाख होते की दहा लाख, हे ठरवायला काहीच उरत नाही. दर थेंबामागे सरासरी पाच रेणू असतील, तर २०,००० पैकी जेमतेम १३५ थेंब रिकामे राहतात, आणि साऱ्या मोजणीचा भार त्या १३५ थेंबांवर येऊन पडतो.

वाटणीचा आणखी एक लाभ आहे आणि दुर्मीळ बदल शोधताना तोच अधिक महत्त्वाचा ठरतो. २० मायक्रोलीटरच्या नळीत बदललेल्या जनुकाचा एकच रेणू आणि मूळ जनुकाचे १०,००० रेणू असतील, तर त्या एकट्याचा आवाज गर्दीत विरून जातो. हेच द्रावण २०,००० थेंबांत वाटले, की तो एकटा रेणू ज्या थेंबात पडतो तेथे त्याच्यासोबत मूळ जनुकाचे सरासरी अर्धा रेणूच असतात. दहा हजारांतील एकाचे प्रमाण त्याच्या थेंबापुरते बरोबरीचे होते. रक्तातून वाहणाऱ्या डीएनएमध्ये अर्बुदातील, म्हणजे कर्करोगाच्या गाठीतील, बदल शोधणे, फुप्फुसाच्या कर्करोगात औषधाला दाद न देणारा ईजीएफआर जनुकातील टी७९०एम हा बदल वेळेत हेरणे, दीर्घकालीन मायलॉइड रक्तकर्करोगात उपचारानंतर उरलेला बीसीआर-एबीएल हा जोडजनुकाचा आरएनए मोजत राहणे, सांडपाण्यातील विषाणूंचे प्रमाण ठरवणे, अशा कामांत ही पद्धत रुळली आहे. अर्थात शून्यापर्यंत ती पोहोचत नाही: लक्ष्य नसलेल्या नमुन्यातही अधूनमधून एखाद-दुसरा थेंब उजळतो, त्यामुळे दोन-तीन उजळ थेंबांवरून निष्कर्ष काढण्यापूर्वी कोऱ्या नमुन्यांत किती उजळतात ते पाहावेच लागते.

रंगांची मर्यादा मात्र लवकर येते. दोन, चार किंवा सहा रंगांनी तेवढीच लक्ष्ये ओळखता येतात आणि ती कोणती हे आधीच ठाऊक असावे लागते. एखाद्या पेशीत हजारो जनुकांपैकी कोणती सक्रिय आहेत हे जाणायचे असेल, तर रेणू अनुक्रमण यंत्रात, म्हणजे त्यांची अक्षरे क्रमाने टिपणाऱ्या यंत्रात, वाचावेच लागतात, आणि त्या यंत्रात वीस हजार लिफाफे एकेक करून टाकता येत नाहीत; सगळे एकत्रच टाकावे लागतात. येथे शिक्क्याचा उपाय लागतो. शिक्का म्हणजे रंग नव्हे, तर खुद्द डीएनएचाच एक छोटा तुकडा, ज्याला बारकोड म्हणतात. रेणू वाचताना त्याला चिकटलेला बारकोडही आपोआप वाचला जातो, हे या कल्पनेतील सौंदर्य आहे. ओळख आणि मजकूर दोन्ही एकाच लिपीत असतात.

प्रश्न असा, की प्रत्येक थेंबात वेगळा बारकोड पोहोचवायचा कसा. हजारो वेगवेगळ्या बाटल्यांतून हजारो थेंबांत बारकोड ओतणे अशक्य आहे. त्याऐवजी सूक्ष्म मणी वापरतात. एका मण्यावर डीएनएचे कोट्यवधी धागे रोवलेले असतात. एका मण्यावरील सर्व धाग्यांवर बारकोड एकच, पण दुसऱ्या मण्यावर तो वेगळा. असे मणी बनवण्याची रीत इतकी साधी आहे, की ती पहिल्यांदा कळल्यावर थोडे हसूच येते. लाखो मण्यांचा ढीग चार भागांत वाटायचा. एका भागात सर्व धाग्यांना डीएनएच्या चार अक्षरांपैकी ए हे अक्षर जोडायचे, दुसऱ्यात टी, तिसऱ्यात जी, चौथ्यात सी. मग सगळे मणी एकत्र मिसळायचे, पुन्हा चार भाग करायचे आणि पुन्हा एकेक अक्षर जोडायचे. कोणता मणी कोणत्या फेरीत कोणत्या भागात गेला याची नोंद कोणीही ठेवत नाही; मण्याचा प्रवास त्याच्या धाग्यांवरच लिहिला जातो. अशा १२ फेऱ्यांनंतर १,६७,७७,२१६ वेगवेगळे बारकोड शक्य होतात. त्यांतील १०,००० मणी प्रयोगात वापरले, तर कोणत्याही एका मण्याला योगायोगाने जुळा भेटण्याची शक्यता सुमारे ०.०६ टक्के, म्हणजे दहा हजारांत सहा एवढीच राहते. बारकोडची लांबी वाढवली की ती आणखी घटते.

बारकोडच्या पुढे धाग्यावर आणखी एक तुकडा असतो, आणि तो मात्र एकाच मण्यावरील प्रत्येक धाग्यावर वेगळा असतो. त्याची गरज पीसीआरमुळे पडते. वाचनापूर्वी रेणूंच्या लाखो प्रती काढाव्या लागतात, आणि काही रेणूंच्या प्रती इतरांपेक्षा किती तरी जास्त निघतात. एकाच पानाच्या शंभर छायाप्रती गठ्ठ्यात सापडल्या, तर ते पान शंभरदा लिहिले गेले होते असे कोणी मानू नये, म्हणून प्रत काढण्यापूर्वीच प्रत्येक मूळ पानावर एक स्वतंत्र क्रमांक टाकायचा. आठ अक्षरांच्या अशा तुकड्यात ६५,५३६ क्रमांक बसतात, जे एका पेशीतील एकाच जनुकाच्या रेणूंसाठी पुरेसे आहेत. धाग्याच्या अगदी टोकाला टी या अक्षराची लांब माळ असते. संदेशवाहक आरएनएच्या शेपटीला ए अक्षरांची माळ असल्यामुळे तो या टोकाला आपसूक चिकटतो. एका धाग्यात अशा रीतीने पत्ता, क्रमांक आणि रेणू पकडणारा गळ अशी तिन्ही कामे सामावलेली असतात.

मे २०१५ मध्ये या पद्धतीची दोन रूपे एकाच वेळी, एकाच संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाली: हार्वर्ड मेडिकल स्कूलमधील स्टीव्हन मॅकॅरोल यांच्या गटाचे ड्रॉप-सेक आणि हार्वर्डमधीलच दुसऱ्या गटाचे इनड्रॉप. ड्रॉप-सेकमध्ये चिपच्या एका वाहिनीतून पेशी येतात आणि दुसरीतून पेशी फोडणाऱ्या द्रावणात तरंगणारे मणी येतात. दोन्ही प्रवाह शेजारी शेजारी, न मिसळता चौकापर्यंत जातात आणि थेंब तुटताना त्यात कैद होतात. थेंबाच्या आत पेशी काही क्षणांत फुटते, तिचा आरएनए बाहेर पडून त्याच थेंबातील मण्याच्या धाग्यांना चिकटतो. यानंतर थेंब मोडून टाकतात. आरएनए आता मण्याला बांधला गेला असल्याने लिफाफ्याची गरज संपलेली असते. सर्व मणी एका नळीत गोळा करून एन्झाइमच्या साहाय्याने आरएनएवरून डीएनए तयार करतात, आणि त्या क्षणी शिक्का कायमचा बसतो. इनड्रॉपमध्ये मात्र हे काम थेंबातच उरकतात. तेथे जेलीसारख्या मण्यांवरील धागे अतिनील प्रकाशाने सुटे केले जातात. पुढे सर्वत्र पसरलेल्या व्यावसायिक यंत्रांत थेंबात गेल्यावर विरघळणारे जेलीचे मणी वापरले गेले.

रिकाम्या थेंबांचा हिशेब येथे पुन्हा येतो, आणि या वेळी तो खर्चाच्या बाजूचा आहे. एका थेंबात दोन पेशी शिरल्या तर दोघींना एकच पत्ता मिळतो आणि पुढे त्या एकच पेशी असल्यासारख्या दिसतात. ते टाळण्यासाठी पेशींचे द्रावण इतके विरळ ठेवतात, की वीस थेंबांमागे सरासरी एकच पेशी यावी. मग एक लाख थेंबांपैकी सुमारे ९५,१२० रिकामे राहतात, ४,७६० च्या आसपास थेंबांत एक पेशी असते आणि १२० थेंबांत दोन किंवा अधिक. म्हणजे पेशी असलेल्या दर चाळीस थेंबांपैकी एक बिघडलेला निघतो. द्रावण अधिक दाट करून थेंबामागे सरासरी एक पेशी ठेवली, तर भरलेल्या थेंबांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक थेंबांत गर्दी होते. त्यामुळे विरळपणाला पर्याय नसतो. ड्रॉप-सेकमधील मणी कठीण असल्याने त्यांनाही हाच नियम लागू पडतो: दहा थेंबांमागे साधारण एक मणी. पेशी आणि मणी दोघेही एकाच थेंबात येण्याचा योग मग विरळाच, आणि दहापैकी नऊ पेशी शिक्का न लागताच वाया जातात. रुग्णाकडून मिळालेला नमुना मोहरीएवढा असेल तर ही नासाडी परवडत नाही. जेलीचे मणी मऊ असतात, वाहिनीत एकमेकांना खेटून, दाबून रांगेत बसवता येतात आणि थेंब तुटण्याच्या तालाशी त्यांचा ताल जुळवला की जवळजवळ प्रत्येक थेंबात नेमका एक मणी पडतो. मण्यांच्या बाबतीत यदृच्छेवर अशी मात करता आली. पेशींच्या बाबतीत ती आजही विरळपणा राखूनच सांभाळावी लागते.

वाचन झाल्यावर हाती कोट्यवधी ओळी येतात आणि प्रत्येक ओळीत बारकोड, क्रमांक व जनुकाचा तुकडा असतो. संगणक आधी बारकोडनुसार ओळींचे गट पाडतो, मग एकच क्रमांक पुन्हा पुन्हा आलेला असल्यास तो एकदाच मोजतो. वाचनात एखादे अक्षर चुकलेले असू शकते, म्हणून वैध बारकोडच्या यादीशी ताडून जवळच्या बारकोडमध्ये दुरुस्ती करतात. त्यानंतर बारकोड उतरत्या क्रमाने मांडले, की आलेखात काही हजार बारकोडपर्यंत रेणूंची संख्या भरपूर दिसते आणि मग ती एकाएकी कोसळते. कड्याच्या वरच्या बाजूला खऱ्या पेशी आणि खालच्या बाजूला ज्यांत मणी होता पण पेशी नव्हती असे थेंब, असा अर्थ लावतात. त्या थेंबांतही थोडा आरएनए सापडतो, कारण आधीच फुटलेल्या पेशींतून सांडलेला आरएनए साऱ्या द्रावणात पसरलेला असतो आणि प्रत्येक थेंबात थोडा थोडा जातो. लाल रक्तपेशींच्या आरएनएची अशी फवारणी झाली, की मेंदूच्या पेशीतही हिमोग्लोबिनचे जनुक दिसू लागते. गंमत अशी, की या सांडलेल्या आरएनएची रचना समजते ती पेशी नसलेल्या थेंबांवरूनच, आणि ती वजा करण्याचे मार्गही त्यांच्याच आधारे बांधले जातात.

दोन पेशी एकाच थेंबात किती वेळा गेल्या हे तपासण्यासाठी एक सुरेख चाचणी आहे. मानवी आणि उंदराच्या पेशी समप्रमाणात मिसळून प्रयोग करायचा. बारकोडमागचे सगळे रेणू मानवी किंवा सगळे उंदराचे निघाले पाहिजेत. दोन्ही निघाले, तर त्या थेंबात जोडी होती. मात्र मानव-मानव आणि उंदीर-उंदीर अशा जोड्या या चाचणीत दिसत नाहीत आणि समप्रमाणात मिसळले असता त्या दिसणाऱ्या जोड्यांइतक्याच असतात, म्हणून दिसलेला आकडा दुप्पट करावा लागतो. नव्या पद्धतीचा निबंध वाचताना हा आकडा आधी शोधावा, असे मला वाटते. तो दिलेला नसेल तर बाकीचे दावे थोडे जपूनच घ्यावेत.

या तंत्राने नेमके काय दाखवले? ड्रॉप-सेकच्या पहिल्या निबंधातच उंदराच्या दृष्टिपटलातील ४४,८०८ पेशी वाचून त्यांचे ३९ गट पाडले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली आकारावरून शतकभर चाललेले वर्गीकरण येथे केवळ सक्रिय जनुकांच्या याद्यांवरून मोठ्या प्रमाणात पुन्हा उभे राहिले. मला अधिक बोलके वाटणारे उदाहरण २०१८ मधील आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराला कारणीभूत असलेले सीएफटीआर हे जनुक १९८९ मध्येच सापडले होते, परंतु श्वासनलिकेत ते मुख्यतः कोणत्या पेशींत सक्रिय असते याचे चित्र धूसर होते. २०१८ मध्ये दोन गटांनी श्वासमार्गाच्या हजारो पेशी एकेक करून वाचल्या, तेव्हा एकूण पेशींत अगदी थोड्या संख्येने असलेला एक अपरिचित पेशीप्रकार समोर आला, ज्यात हे जनुक अतिशय जोराने सक्रिय होते. त्या पेशींना आयनोसाइट हे नाव दिले गेले. मिश्र आरएनएच्या सरासरीत एक टक्का पेशींचा हा ठसा कधीच उठून दिसला नसता. नंतरच्या संशोधनात मानवी श्वासमार्गातील स्रावी पेशींचा वाटाही मोठा असल्याचे आढळले, तेव्हा सगळा दोष आयनोसाइटच्या माथी मारता येत नाही. तरीही कोठे पाहायचे ते थेंबांनी दाखवले, हे खरेच.

मर्यादा सांगितल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. पेशीतील सर्व रेणूंना शिक्का लागत नाही. सुरुवातीच्या पद्धतींत दर शंभर संदेशवाहक रेणूंपैकी सुमारे सात ते तेराच पकडले जात. एखादे जनुक एखाद्या पेशीत दिसले नाही, म्हणून ते तेथे बंद आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. बऱ्याचदा ते नुसते निसटलेले असते. धागा शेपटीकडून पकडत असल्यामुळे रेणूचा मागचा भागच प्रामुख्याने वाचला जातो आणि पुढच्या भागातील बदल हुकतात. शिवाय ऊतीतून पेशी सुट्या करण्यासाठी जी एन्झाइम वापरतात, त्यांच्या मारामुळे पेशी घाबरल्यासारख्या वागू लागतात व ताणाची जनुके सक्रिय करतात. मेंदूतील लांब फांद्यांच्या पेशी तर या प्रक्रियेत तुटूनच जातात. म्हणून गोठवलेल्या ऊतीतील पेशींची केंद्रके तेवढी वेगळी करून थेंबांत पाठवण्याची वाट पुष्कळजण धरतात. ऊतीत कोणती पेशी कोणाच्या शेजारी होती, ही माहिती मात्र थेंबात शिरण्यापूर्वीच हरवलेली असते आणि ती कोणत्याही बारकोडने परत मिळत नाही. त्यासाठी ऊतीच्या कापावरच बारकोड अंथरण्याच्या वेगळ्या पद्धती आहेत.

शिक्क्याची कल्पना आरएनएपुरती मर्यादित राहिलेली नाही. २०१७ पासून प्रतिपिंडांनाही डीएनएचे शेपूट जोडून पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने त्याच थेंबात, त्याच पत्त्याखाली मोजली जातात. वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशींना आधीच वेगळी खूण लावून त्या एकत्रच चालवता येतात. त्यामुळे एकाच थेंबात दोन वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशी आल्या तर ते कळतेही, आणि द्रावण थोडे दाट ठेवण्याची मुभा मिळते.

आणि ज्या चिपमुळे हे सगळे सुरू झाले, तिच्याशिवायही आता चालू लागले आहे. जेलीचे एकसारखे मणी पुरेशा प्रमाणात पाण्यात आणि तेलात टाकून नळी नुसती जोरात हलवली, तर पाणी प्रत्येक मण्याभोवती गोळा होते आणि थेंबाचा आकार मणीच ठरवतो. घुसळूनही थेंब जवळजवळ सारखे निघतात. २०२३ मध्ये या मार्गाने हजारो पेशींचा आरएनए पंप आणि वाहिन्यांविना वाचून दाखवला गेला. चिप, दाबयंत्रे आणि त्यांची निगा राखणारा तंत्रज्ञ यांची गरज त्यामुळे उरत नाही. पेशी थेंबांत किती विरळ ठेवायच्या, हा हिशेब मात्र तेथेही तसाच करावा लागतो.